‘बोर्ड’ला खिळा ठोकून बघा

मे महिन्याच्या अखेरीस गोव्यातल्या दिवाडी बेटावरून एका बाईंचा व्हॉट्सअॅप आला. आजोळचं जुनं घर दुरुस्त करून त्यांनी पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या होत्या आणि फाटकावर लावायला बोर्ड हवा होता, वर इंग्रजी, खाली मराठी. इंग्रजी मजकूर ठीक होता. मराठी त्यांच्या मुलाने मोबाईलला विचारून घेतलेला. त्यात लिहिलं होतं, ‘खोल्या उपलब्ध. पूर्ण मंडळ तसेच अर्धे मंडळ.’

माझ्या डोळ्यांपुढे आधी भजनी मंडळच आलं. पूर्ण मंडळ समजलं, पण अर्धं मंडळ म्हणजे पखवाजवाला आणि पेटीवाला दोघेही कुठल्या जत्रेला गेलेत की काय?

हसून झालं आणि मग मी गप्प बसलो, कारण त्या मंडळामागे लपलेल्या इंग्रजी ‘बोर्ड’ या शब्दाने मला याहून मोठं फसवलेलं आहे. मी फोंड्याला तिस्कापाशी बोर्ड रंगवतो. काकांच्या हाताखाली ब्रश धरला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. आता साठी ओलांडली, ब्रश कमी आणि फ्लेक्स जास्त झालंय. १९९४-९५ च्या सुमाराला कळंगुटच्या बाजूच्या एका हॉटेलवाल्याने मला चिठ्ठी दिली. वर इंग्रजीत खोल्यांचे दर, खाली ‘फुल बोर्ड’ आणि एक आकडा, ‘हाफ बोर्ड’ आणि दुसरा आकडा. प्लायवूडची अख्खी शीट आठ बाय चार फुटांची असते. मी समजलो, एक बोर्ड अख्ख्या शीटचा करायचा, दुसरा अर्ध्या शीटचा, आणि पुढचे आकडे म्हणजे मालकाने आपण होऊन ठरवलेली माझी मजुरी. आकडे घसघशीत होते, मी खूश. दोन्ही बोर्ड टेम्पोत घालून कळंगुटला नेले. मालक एकदा मोठ्याकडे बघतो, एकदा छोट्याकडे बघतो. शेवटी म्हणाला, “आणि जेवणाचं कुठे लिहिलंस?”

“कुठलं जेवण, पात्रांव?”

अर्ध्या शीटचे पैसे बुडाले, टेम्पोचं भाडं वर. त्या दिवसापासून ‘बोर्ड’ हा शब्द कुठे नवा अर्थ घेऊन भेटला की मी ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानांवर टिपून ठेवतो. दुकानात शिकायला येणारी पोरं, शेजारची दहावीतली मुलगी, पंचायतीतला कारकून, सगळ्यांना तोंडी सांगून झालंय. आता एकदा लिहूनच काढतो.

सुरुवातीलाच शब्दकोश उघडू नका. तिथे पंधरा अर्थ ओळीने मांडलेले असतात आणि त्यांतला आपला कुठला हे शब्दकोश सांगत नाही. त्याआधी वाक्यातल्या बोर्डला मनातल्या मनात खिळा ठोकून बघा. खिळा बसला, म्हणजे तो लाकडाचा, पत्र्याचा, पुठ्ठ्याचा, कशाचा का असेना, सपाट तुकडा आहे. खिळा बसत नसेल तर तीन प्रश्न विचारा. हा बैठकीला बसतो का? याने पोट भरतं का? हा पाण्यावर तरंगतोय का? माझ्या वहीतले बहुतेक सगळे बोर्ड या चारांत बसले. जे बसले नाहीत ते वाक्प्रचार, त्यांचं पुढे सांगतो.

हे चार अर्थ एकमेकांपासून फार लांबचे वाटतात, पण मूळ एकच. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे फळी. त्या फळीला पाय लावले की मेज झालं. मेजावर अन्न आलं, मग अन्नालाच बोर्ड म्हणू लागले. मेजाभोवती कारभारी बसले, मग त्या कारभाऱ्यांना बोर्ड म्हणू लागले. जहाजाची बाजू फळ्यांचीच, तिलाही बोर्ड म्हणत. इंग्रजांनी एका फळीवर सगळा संसार मांडला म्हणून हसू नका, आपणही तेच केलंय. क्रिकेटमधली आघाडीची फळी आणि मधली फळी कुठून आली? फारसीतला ‘तख्ता’ म्हणजे फळी, त्याचा आपल्याकडे तक्ता झाला, आणि बादशहा बसतो ते तख्त त्याच घरचं. इंग्रजीतला ‘टेबल’ सुद्धा लॅटिनमधल्या फळीवरूनच आलाय, म्हणून त्याचे मेज आणि तक्ता असे दोन्ही अर्थ होतात. पोर्तुगीजमध्ये फळीला ‘ताबुआ’ आणि दुकानावरच्या पाटीला ‘ताबुलेता’. काका जुन्या गिऱ्हाइकांशी बोलताना हा शब्द वापरायचे. मी लहानपणी ‘ताबुलेता’ ही कुठल्या तरी बाईचं नाव समजत होतो.

खिळा बसतो तो बोर्ड

इथे माझा धंदा आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

इंग्रजीत एकच बोर्ड, पण मराठीत त्याला निदान आठ शब्द आहेत आणि ते अदलाबदल करून चालत नाहीत. कच्च्या लाकडाची लांब चीर म्हणजे फळी. शाळेत मास्तर खडूने लिहितात तो फळा. मोठा, औपचारिक, सरकारी किंवा संस्थेचा असला की फलक. घराच्या दारावर, दुकानावर, देवळाच्या वाटेवर असते ती पाटी. बसायचा तो पाट, खेळायचा तो पट, माहिती मांडलेला तो तक्ता, आणि खोक्याचा तो पुठ्ठा.

पाटी आणि फलक यांतला फरक नवशिक्यांना कळत नाही. वकिलाच्या घरावर नाव आणि पदवी, ती पाटी. त्याच वकिलाने संस्थेला देणगी दिली आणि संगमरवरावर नाव कोरलं, तो फलक. ‘सावधान, पुढे वळण आहे’ हा फलक. ‘येथे दूध मिळेल’ ही पाटी. ‘येथे दूध मिळेल असा फलक’ असं कुणी म्हटलं की मला ते दूध सरकारी वाटतं. आणि गोव्यात रस्त्यावर उभं राहून कुणाला पत्ता सांगताना आपण यांतलं काहीच म्हणत नाही, “बोर्ड दिसेल, तिथून डावीकडे वळा” एवढंच म्हणतो. बोलण्यात ते चांगलं आहे. बोर्ड हा आता आपलाच शब्द झालाय, तो मोडून ‘फलक’ घालायचा हट्ट मी गिऱ्हाइकांकडे करत नाही. लिहिण्यात मात्र पाटी आणि फलक हाताशी असलेले बरे.

जोडशब्दांत मराठीने छान काम केलंय. नोटीस बोर्ड, सूचना फलक. नेम बोर्ड, नामफलक किंवा पाटी. स्कोअर बोर्ड, धावफलक. हा शेवटचा शब्द मला फार आवडतो, पण तो क्रिकेटपुरता. फातोर्ड्याच्या मैदानावर फुटबॉलची मॅच असेल तर तिथे धावा कोण मोजणार? तिथे गुणफलक लिहा. एका क्लबाच्या स्पर्धेसाठी मला ‘धावफलक’ रंगवायला सांगितला होता. मी तोंडदेखली हरकत घेतली, त्यांनी ऐकलं नाही, मी रंगवला.

उलट ‘कीबोर्ड’ला कळफलक म्हणणारा माणूस मला अजून दुकानात भेटायचा आहे. ‘मदरबोर्ड’, ‘स्विचबोर्ड’, ‘कॅरम बोर्ड’ यांच्या वाटेला जाऊ नका, जसे आहेत तसे राहू द्या. बुद्धिबळाचा मात्र पटच, तो आपल्याकडे आधीपासून होता. ‘चॉपिंग बोर्ड’ला आमच्या घरात शब्दच नव्हता, कारण विळीला आपलाच पाट असतो आणि भाजी हवेत चिरली जाते. मुंबईहून आलेल्या सुनेने ती सुरी आणि लाकडाचा तुकडा आणला, तेव्हा माझ्या बायकोने त्याला ‘भाजीचा पाट’ म्हणायला सुरुवात केली. कुठल्या कोशात नसेल, पण मला तो योग्य वाटतो.

काही शब्दांत फळी उरलीय आणि वस्तू बदललीय. ‘कपबोर्ड’ म्हणजे मुळात कप मांडून ठेवायची फळी. आता ते दार असलेलं कपाट आहे, गोव्यात आपण आर्मार म्हणतो ते. त्याचा उच्चार ‘कबर्ड’ करायचा, मधला प गिळायचा. ‘डॅशबोर्ड’ ही घोडागाडीच्या पुढे लावलेली फळी, घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून. घोडा गेला, चिखल गेला, फळी गाडीतल्या काट्यांना मिळाली आणि तिथून कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेली.

इंग्रजीत बोर्डऐवजी दुसरा शब्द घालायचा असेल तर जाडी बघा. जाड आणि वजनदार असेल तर ‘प्लँक’, त्याहून पातळ ‘बोर्ड’, अगदी पातळ ‘शीट’, चौकटीत बसवलेला तुकडा ‘पॅनल’, आणि दगडाचा किंवा काँक्रीटचा जाड तुकडा ‘स्लॅब’. आमचा मेस्त, म्हणजे सुतार, हे शब्द इंग्रजी न शिकता बिनचूक वापरतो. रस्त्याकडेचा अवाढव्य जाहिरातीचा फलक ‘बिलबोर्ड’, पण आपल्याकडे त्याला होर्डिंग म्हणतात आणि तेच लिहावं.

बैठकीला बसतो तो बोर्ड

वाक्यात बोर्डने काही ठरवलं, नाकारलं, नेमलं, तहकूब केलं, की तो माणसांचा बोर्ड. याचा मराठी शब्द मंडळ. गोवा गृहनिर्माण मंडळ, गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, विद्यापीठातलं अभ्यास मंडळ, सोसायटीचं संचालक मंडळ.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला ‘डायरेक्टर’चा. एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेच्या बॅनरचा मजकूर आला होता, त्यात ‘दिग्दर्शक मंडळ’. नाटकाचा तो दिग्दर्शक, संस्थेचा तो संचालक, आणि सरकारी खात्याचाही संचालकच. मी फोन करून विचारलं, “सभेनंतर नाटक ठेवलंय का?” चेअरमनसाहेबांना विनोद आवडला नाही, पण शब्द बदलला.

दुसरा खड्डा मंडळाच्या भाऊबंदांचा. मंडळ, महामंडळ, समिती, परिषद, आयोग, प्राधिकरण हे सगळे एकाच वाड्यात राहतात, पण चुली वेगळ्या. ‘कॉर्पोरेशन’ म्हणजे महामंडळ, म्हणून कदंब परिवहन महामंडळ. शहराचं कॉर्पोरेशन असेल तर महानगरपालिका, पणजीची आहे तशी. ‘कमिटी’ म्हणजे समिती, आणि ती बहुधा कुणीतरी मोठ्याने ठराविक कामासाठी नेमलेली. बोर्ड अनेक कमिट्या नेमतो, कमिटी बोर्ड नेमत नाही. ‘कौन्सिल’ परिषद, ‘कमिशन’ आयोग, ‘ऑथॉरिटी’ प्राधिकरण. मुरगाव बंदराचं उदाहरण घ्या. पूर्वी ते पोर्ट ट्रस्ट होतं, मोठ्या बंदरांसाठी २०२१ चा नवा कायदा लागू झाल्यावर पोर्ट ऑथॉरिटी झालं. पाट्या बदलल्या, लोकांच्या तोंडातून ‘एमपीटी’ अजून गेलेलं नाही.

‘पॅनल’ हा शब्द इथेही येतो, कारण त्यालाही फळी आणि माणसं असे दोन्ही अर्थ आहेत. फरक असा की बोर्ड टिकून असतो, पॅनल कामापुरतं जमवतात. मुलाखतीला बसतं ते पॅनल. निवडणुकीतही पॅनल असतं, आणि निवडून आलं की तेच बोर्ड होतं.

देवळांच्या बाबतीत गोव्यात बोर्ड शब्द घालू नका. आपल्याकडे महाजन, म्हणजे देवळाचे वंशपरंपरेचे हक्कदार, असतात आणि त्यांची देवस्थान समिती असते. तिरुपतीला जाऊन आलेले एक गृहस्थ माझ्याकडून ‘देवस्थान बोर्ड’ रंगवून घ्यायला आले होते. मी म्हटलं, आधी महाजनांना विचारून या. परत आले नाहीत.

आणखी एक गोव्याचा फरक. सांगली-कोल्हापूरकडचे पाहुणे लाईट गेली की “बोर्डाच्या माणसाला फोन करा” म्हणतात, कारण त्यांच्याकडे वर्षानुवर्षं वीज मंडळ होतं. आपल्याकडे वीज हे सरकारचं खातं आहे. गोव्यात लाईट गेली की खात्याला फोन करायचा, बोर्ड म्हणजे घरात भिंतीवर असतो तो.

परीक्षेच्या बोर्डची गोष्ट निराळीच. गोव्याचं माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १९७५ च्या कायद्याने आलं. पत्रावर आणि प्रमाणपत्रावर मंडळच लिहायचं. पण ‘यंदा आमच्या मुलाची मंडळाची परीक्षा आहे’ असं कुणी म्हणतं का? बोर्डाची परीक्षा. ‘बोर्डात येणे’, म्हणजे गुणवत्ता यादीत नाव येणे, हा तर आपण स्वतः घडवलेला वाक्प्रचार, आणि इंग्रजाला तो समजणार नाही. ‘ती बोर्डात आली’ याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलंत तर ती संचालक झाली असं वाटेल. शेजारच्या मुलीने निबंधात नेमकं तेच केलं होतं, मावशी बोर्डात आली आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. मास्तरांनी लाल शाईत विचारलं, कुठल्या कंपनीच्या?

पोट भरतं तो बोर्ड

माझे पैसे बुडवणारा हा. इथे बोर्ड म्हणजे रोजचं जेवणखाण, बहुतेक वेळा राहण्याच्या जोडीने मिळणारं. हा बोर्ड ओळखायची खूण सोपी आहे. तो मोजता येत नाही. ‘अ बोर्ड’ म्हणत नाहीत, ‘बोर्ड्स’ असं अनेकवचन करत नाहीत, मागे ‘द’ लावत नाहीत. नुसता ‘बोर्ड’, आणि शेजारी ‘रूम’, ‘बेड’ किंवा ‘लॉजिंग’ असा कुणीतरी सोबती. आपण भात मोजत नाही तसंच. इंग्रजीत याऐवजी ‘मील्स’ किंवा ‘फूड’ घालता येतं, मराठीत जेवणखाण, भोजन, किंवा महिन्याच्या हिशेबाने असेल तर खाणावळ.

‘फुल बोर्ड’ म्हणजे खोलीच्या भाड्यात तिन्ही वेळचं खाणं: नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण. ‘हाफ बोर्ड’ म्हणजे नाश्ता आणि दोनांपैकी एक जेवण, बहुतेक ठिकाणी रात्रीचं. किनाऱ्यावरची हॉटेलं हेच दुसऱ्या अक्षरांत लिहितात आणि दरपत्रक रंगवणाऱ्याला ती पाठ हवीत. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे हाफ बोर्ड. एपी म्हणजे फुल बोर्ड. यांतला पी प्लॅनचा, ई युरोपियनचा, सी काँटिनेंटलचा, ए अमेरिकनचा, आणि एमएपीतला एम ‘मॉडिफाइड’चा. पाट्यांवर हे मराठीत उलगडून लिहावं, कारण ‘एपी’ वाचून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटत नाही.

या बोर्डवरून आलेलं ‘बोर्डिंग’ मराठीत येताना जागा बदलून आलं. इंग्रजीत त्यातलं मुख्य अंग जेवणाचं. आपल्याकडे बोर्डिंग म्हणजे मुलांनी राहायची जागा, वसतिगृह. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, तिथून हा शब्द घराघरांत गेला. ‘पोराला बोर्डिंगात टाकला’ म्हणताना जेवण कुणाच्याही मनात नसतं. आणि विमानतळावरच्या बोर्डिंग पासचा जेवणाशी काही संबंध नाही, तो पुढच्या बोर्डचा.

पाण्यावरचा बोर्ड

हा मी दिवाडीला जाताना फेरीबोटीत बसून लिहिला, म्हणून इथे घातला. जुन्या गोव्याहून पलीकडे जायला वेळ किती लागतो? चहा थंड होईस्तोवर.

जहाजाच्या फळ्यांची बाजू म्हणजे बोर्ड. पोर्तुगीजमध्येही ‘बोर्दो’, आणि ‘आ बोर्दो’ म्हणजे जहाजावर. इंग्रजीत ‘ऑन बोर्ड’. आधी फक्त जहाज, मग आगगाडी, बस, विमान, सगळ्यांना तेच. मराठीत सरळ ‘बोटीवर’, ‘गाडीत’, ‘विमानात’ लिहा. ‘जहाजाच्या फलकावर पाच खलाशी होते’ असं एका भाषांतरात वाचलंय, मला ते पाचही जण पाटीला लटकलेले दिसले.

बोटीची उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’. ताऱ्यांचा काही संबंध नाही. जुन्या जहाजांना सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला असायचं, म्हणून ती सुकाणूची बाजू, ‘स्टिअर’चा बोर्ड. डावीला ‘लारबोर्ड’ म्हणत. वाऱ्यात ओरडून सांगताना स्टारबोर्ड आणि लारबोर्ड सारखेच ऐकू येतात, त्यातून घोळ होत, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ साली डावीला ‘पोर्ट’ म्हणायचा हुकूम काढला. रात्री मांडवीत बोट दिसली तर उजव्या बाजूला हिरवा दिवा, डाव्या बाजूला लाल. ही उजवी-डावी बोटीची, आपली नव्हे. तुम्ही मागे तोंड करून उभे राहिलात तरी स्टारबोर्ड हलत नाही.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट, फक्त ‘द’ची. ‘ऑन बोर्ड’ म्हणजे बोटीवर. ‘ऑन द बोर्ड’ म्हणजे फळ्यावर, किंवा मंडळावर. ‘शी इज ऑन बोर्ड’, ती बोटीत चढली. ‘शी इज ऑन द बोर्ड’, ती संचालक मंडळावर आहे. मध्ये एवढासा ‘द’, पण तो गाळलात तर बाई खुर्चीतून उठून थेट पाण्यात. हल्ली ऑफिसातले लोक ‘ऑन बोर्ड’ म्हणतात त्याचा अर्थ ‘आमच्या बाजूने, राजी’ असाही असतो. “सरपंच ऑन बोर्ड आहेत” म्हणजे सरपंच तयार आहेत. तिथे मराठीत ‘राजी आहेत’, ‘सोबत आहेत’ म्हणा.

वाक्प्रचारांतले बोर्ड

यांना खिळा ठोकू नका, यांचा अर्थ अख्खा उचलायचा. तरी मूळ माहीत असलं की लक्षात राहतात.

‘अबव्ह बोर्ड’ पत्त्यांच्या डावातून आला. हात मेजाच्या वर आहेत, खाली काही लपवाछपवी नाही. मराठीत चोख, उघड, सचोटीचा व्यवहार. ‘अक्रॉस द बोर्ड’ला ‘सरसकट’ इतका नेमका शब्द सापडणार नाही. सरसकट पाच टक्के वाढ. ‘स्वीप द बोर्ड’, सगळी बक्षिसं एकट्याने नेली. नाट्यस्पर्धेच्या बातमीत याचं मराठी अगदी तयार असतं: स्पर्धेवर मोहोर उमटवली.

‘गो बाय द बोर्ड’ जहाजावरचा. डोलकाठी मोडून बाजूवरून समुद्रात पडली की ती गेली. आपणही श्रम ‘पाण्यात गेले’ असंच म्हणतो. ‘गो ओव्हरबोर्ड’ म्हणजे अति करणे, मर्यादा सोडणे, आणि त्यालाही मराठीत पाण्याचाच शब्द आहे: वाहवत जाणे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच पाणी वापरलं याची मला गंमत वाटते. ‘बॅक टू द ड्रॉइंग बोर्ड’ म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. हा मला अनुभवाने माहीत आहे.

राहिला ‘ट्रेड द बोर्ड्स’. हा ट्रेड पाऊल टाकण्याचा, व्यापाराचा नव्हे. इथे अनेकवचन लागतंच, ‘द बोर्ड्स’ म्हणजे रंगमंचाच्या फळ्या, आणि त्यांवरून चालणे म्हणजे नट होणे. गोव्याच्या गावात जत्रेच्या नाटकात कधी ना कधी उभा न राहिलेला पुरुष शोधावा लागेल, मीही एकदा भालदार होतो. नाटकांचे पडदे रंगवण्यात माझी निम्मी तरुणाई गेली. इंग्रजीने नटाच्या पायाखाली काय आहे ते बघितलं. आपण म्हणतो, ‘त्याने तोंडाला रंग लावला’. रंगवाल्या माणसाला कुठलं जास्त पटणार ते सांगायला नको.

स्पेलिंगचे दोन घोळ सांगून थांबतो. बी-ओ-ए-आर-डी हा आपला बोर्ड. बी-ओ-आर-ई-डी म्हणजे कंटाळलेला, उच्चार तोच. ‘बोर्डर’ म्हणजे खाणावळीतला किंवा वसतिगृहातला, त्यात ए आहे. ‘बॉर्डर’ म्हणजे हद्द, गोव्याची पत्रादेवीला किंवा पोळे गावाला आहे तशी, त्यात ए नाही. एका शाळेच्या बॅनरवर ‘बोर्डर्ससाठी वेगळी सोय’ छापायचं होतं, आलेल्या मजकुरात ए नव्हता, म्हणजे सोय सरहद्दींची झाली असती. तो मी छापायच्या आधी पकडला, तेवढंच पुण्य.

दिवाडीच्या बाईंना मी फोन केला. म्हटलं, “बाय, मंडळ काढूया. आपण काय वाढता ते लिहूया.” त्या म्हणाल्या, सकाळी पोळी-भाजी नाहीतर पोदेराचे पाव, दुपारी माशाची हुमण-कडी, रात्री हवं ते. मग मराठी मजकूर असा ठरला: ‘राहण्याची सोय, चार खोल्या. राहणे व तिन्ही वेळचे जेवणखाण, किंवा राहणे, नाश्ता व रात्रीचे जेवण.’ वरच्या इंग्रजी ओळीत फुल बोर्ड, हाफ बोर्ड तसेच ठेवले. या खेपेस ब्रशनेच रंगवला, तीन बाय दोनचा, निळ्यावर पांढरा. शनिवारी फेरीबोटीने नेऊन फाटकावर ठोकला आणि संध्याकाळपर्यंत घरी आलो.

रात्री त्यांचा फोन. “अण्णा, शब्द सगळे बरोबर आहेत. पण बोर्ड डाव्या बाजूने एक बोट खाली आलाय.”